मोटेचं चामडं

मोटवाल्या आबाच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असा शेतकरी आमच्या गावात नव्हता. तळोद्याच्या अंगाला, तापीच्या उत्तर काठावरच्या आमच्या गावातल्या झाडून सगळ्या विहिरींच्या मोटा तो शिवायचा, आणि शिवलेली मोट तोंडानं हजेरी घेतल्याशिवाय कधी हवाली करायचा नाही. मोट वाळवत का नाही, एरंडेल का पाजत नाही, उंदरांच्या तोंडी कशाला देता, असे त्याचे सवाल असत. एकदा एका बड्या शेतकऱ्यानं परगावच्या माणसाकडून मोटेला ठिगळ लावून आणलं. चार दिवसांत ते सुटलं, तेव्हा तो आबाकडे आला. आबानं रापी काढली, उरलेले टाके त्याच्या डोळ्यांदेखत एकेक करून कापले आणि मोट त्याच्या पायांपाशी टाकली. "ज्यान्हा हात लागना, त्यान्हाकडेच लई जाय," एवढंच तो म्हणाला. बिचाऱ्याचा ऊस दोन दिवस तहानलेला राहिला, तिसऱ्या दिवशी आबानं स्वतःच जाऊन मोट शिवून दिली, आणि शिवताना पुन्हा त्याला झापलं.

मी आबा म्हणतो आहे, पण गावात त्याला आबा कुणी म्हणत नसे. आमच्या घरात तो 'मोटवाला' होता, आणि हाक मारायची तर लांबून 'ए' एवढीच. 'ए'ला तो वळत नसे. माणूस जवळ जाऊन उभा राहीपर्यंत हातातलं काम चालू ठेवायचा, आणि मग असं काही बघायचा की आपण कशाला आलो तेच विसरायला व्हावं. साठीचा असेल तेव्हा. काळा, किडकिडीत, डोक्याला विटलेलं तांबडं पागोटं, आणि कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी नाकाशी न्यायची सवय. चामडं तर तो हुंगायचाच, पण दोरा, मेण, तेल, कुणी दिलेली तंबाखू, सगळंच हुंगून बघायचा. त्याची परीक्षा नाकातून व्हायची. मी त्याला आबा म्हणायला लागलो ते फार उशिरा, आणि त्याच्या तोंडावर तर एकदाच म्हणालो. त्याचीच ही हकिकत आहे. ती लिहिताना मला राग येतो, आणि तो मी झाकणार नाही.

आमच्याकडे मोटार होती. पंचक्रोशीत दुसरी नव्हती. जंगलखात्यातला एक साहेब विलायतेला परत जाताना माझ्या थोरल्या भावानं, दादानं, ती त्याच्याकडून घेतली. तेव्हाच ती म्हातारी झालेली होती. मी धुळ्याला शिकायला होतो, तिथे मोटार चालवायला शिकलो होतो. म्हणून घरी आल्यावर ती चालवणं आणि तिची दुखणी काढणं हे माझं काम झालं. पंचवीस वर्षांचा घोडा होतो मी. लग्न व्हायचं होतं, शेतीत लक्ष नव्हतं, आणि मोटारीमुळे गावात मला भाव होता. दादाला तर त्या गाडीचा इतका अभिमान होता की लग्नाच्या वरातीला तो ती फुकट द्यायचा, फक्त स्वतः पुढे बसायला मिळावं म्हणून.

ते लढाईचे दिवस होते. वहिनी गरोदर होत्या. त्यांची आधीची दोन बाळंतपणं घरी झाली होती, आणि दोन्ही मुलं हाती लागली नव्हती. दुसऱ्या वेळी वहिनीच कशाबशा वाचल्या. नंदुरबारच्या डॉक्टरांनी दादाला स्पष्ट सांगितलं होतं की या खेपेला दिवस भरण्याआधी त्यांना दवाखान्यात आणून ठेवा, घरी ठेवाल तर दोघांनाही गमवाल. आता कुणीही शहाण्या माणसानं आठ दिवस आधी बैलगाडी जुंपून, खाली भरपूर पेंढा घालून, हळूहळू त्यांना नेलं असतं. पण दारात मोटार असताना दादाची बायको बैलगाडीतून जाणार कशी! ती मोटारीतून जायची होती, आणि नेमका तेव्हाच मोटारीचा क्लच गेला.

क्लच म्हणजे काय हे मला तेव्हा गावात दहा जणांना समजावून सांगावं लागलं, तसं इथंही सांगतो. इंजिन आणि चाकं यांना जुळवणारा आणि सोडवणारा तो भाग. हल्लीच्या गाड्यांत तो निराळा असतो. आमच्या जुन्या गाडीत परातीएवढा एक लोखंडी सुळका होता, त्याला बाहेरून चामडं मढवलेलं होतं, आणि एका जाड स्प्रिंगच्या जोरानं तो इंजिनाच्या पोकळ चाकात घट्ट जाऊन बसायचा. पायाखालची पट्टी दाबली की सुटायचा. हे चामडं जळून, काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. धुळ्याहून मिस्तरी आणला, त्यानं हात झटकले. म्हणाला, मुंबईहून माल येईल तेव्हा बघू, लढाई चालू आहे, सहा महिने लागतील. वहिनींना महिनाभरसुद्धा उरला नव्हता.

मग मी शहाणपणा केला. खळ्यात गाडीखाली खड्डा खणला, चाकांना लिंबाचे ओंडके लावले आणि खड्ड्यात उताणा पडून चार दिवस गाडीची आतडी बाहेर काढत बसलो. जिथं पाना जातो तिथं हात जात नाही, आणि हात जातो तिथं पाना फिरत नाही, अशी ती रचना होती. बोटांची सालटी निघाली, डोळ्यांत काळं तेल गेलं, दादा वर उभा राहून दर तासाला झालं का म्हणून विचारायचा. शेवटी सुळका बाहेर निघाला. मी बाजारातून चामडं आणून त्याची सरळ पट्टी कापली आणि सुळक्याला गुंडाळली. एका कडेला ती ताणली जायची, दुसऱ्या कडेला तिला चुण्या पडायच्या. तीन पट्ट्या वाया घालवल्यावर गड्यानं सुचवलं, मोटवाल्याला बोलवा. आईनं आधी मोडता घातला, पण वहिनींकडे बघून गप्प बसली. खळं तरी घराबाहेरच आहे, असं तिनं स्वतःचं समाधान करून घेतलं.

आबा आला, सुळक्यापाशी बसला आणि माझी पट्टी उचलून त्यानं नाकाशी नेली.

"हाई कोनी कापं?"

मी कापली असं सांगितलं.

"मंग बांध तुन्हा कमरले," तो म्हणाला आणि ती त्यानं माझ्या अंगावर टाकली.

मला संताप आला होता. धुळ्याला शिकलेला मी, आणि हा मला गड्यांसमोर असं बोलतो! पण पुढच्या घटकाभरात माझा संताप उतरला. आबानं माझ्याकडून जुनं धोतर मागून घेतलं, सुळक्याभोवती घट्ट लपेटलं, कोळशानं कडा आखल्या आणि ते जमिनीवर पसरलं. सरळ पट्टी नव्हतीच ती. चंद्रकोरीसारखी वाकडी होती. मोटेची सोंड खाली निमुळती होत जाते, तिचं चामडं असंच बाकदार कापावं लागतं, हे तो चाळीस वर्षं करत आला होता. मोटार त्यानं जवळून पहिल्यांदाच पाहिली होती, पण मला चार दिवसांत न कळलेली गोष्ट त्याला एका धोतरात कळली.

त्यानं आपल्या घरून म्हशीचं चामडं आणलं, बाभळीच्या सालीत कमावलेलं, बोटाच्या निम्म्या जाडीचं. ते भिजत घातलं, ओलं असतानाच सुळक्यावर ओढून बसवलं, आणि तांब्याच्या तारेचे रिवेट ठोकून त्यांची डोकी चामड्याच्या आत पार बुडवली. डोकं वर राहिलं तर लोखंडाला लागेल, हे मी त्याला सांगायच्या आत तोच मला सांगत होता, आणि तेसुद्धा ओरडून. काम चाललं त्या सहा दिवसांत तो मला इतकं बोलला की वडील असते तर तेही बोलले नसते. आरी अशी धरतात का, हात आहेत का पाय, जेवला नाहीस का, जास्त जेवलास का. दुपारी तो लिंबाखाली स्वतःची भाकर सोडायचा. पाणी आमच्या घरून यायचं, पण गडी ते वरून त्याच्या ओंजळीत ओतायचा. मी शेजारी बसून तांब्यानं प्यायचो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि आता त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

स्प्रिंग दाबून परत बसवणं हे काम दोन माणसांचं होतं. मी जॅक लावून ती दाबायचो आणि खड्ड्यात माझ्या खांद्याला खांदा लावून पडलेला आबा ती कच्च्या वादीनं करकचून आवळायचा. एकदा जॅक निसटला. स्प्रिंग उसळली असती तर माझं तोंड राहिलं नसतं. त्यानं हात मधे घातला. तळव्याची चामडी सोलवटून निघाली. त्यानं ती पागोट्याच्या चिंधीनं बांधली आणि मला म्हणाला की जॅक धरायलाही अक्कल लागते. मी हसलो, तर तोही हसला. त्याला हसताना मी त्याच दिवशी पाहिलं. त्या खड्ड्यात आम्हाला कुणी बघत नव्हतं, आणि मला वाटतं म्हणूनच आम्ही दोघंही जरा माणसासारखे वागत होतो.

सगळं बिघडलं ते एका वाक्यानं. काम संपत आलं तेव्हा आई खळ्याच्या दारापर्यंत आली आणि गड्याकरवी तिनं विचारलं, चामडं गाईचं तर नाही ना? आमचं घर वैष्णव, आईचं सोवळं कडक. आबानं नवीन चामडं म्हशीचं असल्याचं सांगितलं. तिथं तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं कोपऱ्यात पडलेली जुनी, जळकी, विलायतेहून आलेली पट्टी उचलली, हुंगली आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गायनं तं हाई जुनं शे. इतला वरीस गायवर बठीसनच देवदर्शनले गयात तुम्ही."

आई पदर नाकाला लावून घरात निघून गेली. त्या संध्याकाळी जाताना आबानं चामड्याला एरंडेल चोळलं, गाडीत पायांखाली, क्लचच्या वर बसवायच्या फळ्या उघड्याच ठेवायला लावल्या आणि मला बजावलं, "दोन दिन वारा लागू दे. पानीना थेंब नको. तिसरा दिन मी येसू, मंग चालू कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला खळ्यात बोलावलं. तिथे दोन घागरी भरून ठेवलेल्या होत्या, पाण्यात गोमूत्र कालवलेलं. गाडी शुद्ध केल्याशिवाय घरची सून तीत बसणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. मी म्हणालो, बाहेरून शिंपडतो. ती म्हणाली, बाहेरून काय कामाचं, तो आत शिरला होता, चामडं आत आहे. मी म्हणालो, आत ओतलं तर बिघडेल. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. एवढ्यावर मी घागर उचलली. तिनं काही माझा हात धरून ओतायला लावलं नव्हतं. उघड्या फळ्यांतून दोन्ही घागरी मी माझ्या हातानं त्या क्लचवर रित्या केल्या. उरलेलं माझ्या धोतरावर उडालं. वाटलं, दोन दिवस आहेत, वाळेल.

दोन दिवस नव्हते. त्याच दुपारी वहिनींना कळा सुरू झाल्या, पंधरा दिवस आधी. दादा धावत खळ्यात आला आणि गाडी काढ म्हणाला. मी फळ्या ठोकल्या आणि गाडी काढली. मागे वहिनी आणि आई, पुढे दादा. गावापासून नदीपर्यंतचा रस्ता सपाट आणि उताराचा, तिथपर्यंत काही जाणवलं नाही. नदीच्या वाळूत तुराट्या अंथरून गाड्यांसाठी वाट केलेली असायची. पाणी तेव्हा दोनच पाटांत होतं, गुडघ्याखाली, आणि मधल्या वाळूत टरबुजांच्या वाड्या लावलेल्या. पहिला पाट ओलांडला आणि वाळूच्या चढाला गाडीनं दम सोडला. इंजिन बोंबलत होतं, फळ्यांतून वाफ आणि धूर येत होता, चाकं थंड. मागं वहिनी ओठ चावून बसलेल्या. त्यांच्या तोंडून आवाज निघत नव्हता आणि त्याचंच मला जास्त भय वाटत होतं. दादा खाली उतरून मोटवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागला. कुजकं चामडं घातलं, माझ्या बायकोच्या जिवावर उठला, असं तो वाडीवाल्यांना ओरडून सांगत होता.

आणि तेवढ्यात आबा आला. त्याला बोलवायला कुणी गेलं नव्हतं. गाडी त्यानं सांगितलेले दोन दिवस भरायच्या आधीच निघाली हे त्याला गावात कळलं, आणि तो तसाच पिशवी घेऊन नदीकडे निघाला होता. पहिल्या पाटातून येताना त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या. दादाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. मला बाजूला सारून त्यानं फळ्या उचकटल्या, आत हात घातला आणि बाहेर काढून नाकाशी नेला. मग तो माझ्याकडे वळला.

"पानी कोनी टाकं?"

दादा वळून जवळ आला. आई नदीकडे बघत होती. वाडीवाले, त्यांच्या बायका, सगळे उभे होते. वहिनींनीसुद्धा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माहीत नाही."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या धोतराकडे, मग मागं वहिनींकडे. पुन्हा विचारलं नाही. वाडीवाल्यांच्या चुलीतली कोरडी राख त्यानं मागवली, डोक्याचं पागोटं सोडून त्यातून ती चाळली, आणि मला पायाखालची पट्टी दाबून धरायला लावून सुळक्याच्या फटीत चहूबाजूंनी मुठीमुठीनं भरली. पाण्यावर, तेलावर ती राख बसली. आदल्या दिवशी सोललेला त्याचा तळवा गरम लोखंडाला लागत होता, चिंधीला धग लागून वास येत होता, पण त्यानं हात काढला नाही. शेवटी त्यानं वाडीवाल्यांना मागून रेटायला उभं केलं आणि मला सांगितलं, "एकदाव धरं ना, मंग नंदुरबारलोंग पाय लावू नको. थांबानं नही."

मी पायाखालची पट्टी सोडली. गाडीला हिसका बसला आणि चामड्यानं धरलं. चढ गेला, दुसरा पाट गेला, पलीकडचा काठ चढलो. मी मागं पाहिलं नाही. थांबायचं नाही असं त्यानंच सांगितलं होतं, ही सबब मी स्वतःला पुढं कितीतरी वर्षं देत राहिलो. नंदुरबारपर्यंत मी क्लचला पाय लावला नाही. दवाखान्यासमोर गाडी थांबवता येईना म्हणून कुंपणाच्या भिंतीवर घातली. वहिनींना आत नेलं. दिवे लागायच्या सुमाराला मुलगी झाली. दोघी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो.

यानंतर आमच्या घरानं जे केलं त्याला मला दुसरा शब्द सापडत नाही, नीचपणा म्हणतो. दादा गावात सांगत सुटला की मोटवाल्यानं सडकं चामडं घातलं, बायको नदीत मरायची ती दैवानं वाचली. हे खोटं त्याला ठाऊक होतं का? पाणी मी ओतलं हे मी त्याला नंदुरबारलाच सांगितलं होतं. तो म्हणाला, आईचं नाव घ्यायचं नाही. आईचं नाव घ्यायचं नाही म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी घ्यायला हवं होतं, आणि ते घ्यायला सगळ्यात सोपा माणूस आबा होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावकामाची वर्षाची बोली व्हायची. त्या आखाजीला मोटांचं काम दुसऱ्या गावच्या माणसाला दिलं गेलं. ज्याचा ऊस तहानलेला राहिला होता, त्यानंच पुढाकार घेतला. चाळीस वर्षांत आबाचा एक टाका सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण ते कुणी बोललं नाही. मीही त्या बैठकीत होतो. कडेला बसून जमिनीवर काडीनं रेघा ओढत होतो.

आबा कुणाच्या दारी गेला नाही. वाद घातला नाही. ज्या माणसानं आयुष्यभर साध्या एरंडेलावरून गाव डोक्यावर घेतलं, तो स्वतःवर आलं तेव्हा एक शब्द बोलला नाही. पावसाळ्याआधी तो अक्कलकुव्याकडे आपल्या लेकीच्या गावी निघून गेला. जाताना आमच्या खळ्यावरून गेला, तेव्हा मी घरात होतो आणि बाहेर आलो नाही.

सहा वर्षं गेली. पुतणी मोठी झाली. एक दिवस ती अंगणात मैत्रिणींबरोबर खेळत होती आणि त्यांना ऐटीत सांगत होती की मोटवाला नावाचा एक दुष्ट माणूस होता, मी पोटात असताना त्यानं मला नदीत बुडवून मारायचं ठरवलं होतं. घरात हेच सांगून तिला झोपवत होते. वहिनीसुद्धा ते ऐकून घेत होत्या, त्या तरी काय करणार होत्या. मला मात्र त्या दिवशी स्वतःची इतकी किळस आली की मी जेवणावरून उठलो. दिवाळी होऊन गेली होती. दुसऱ्याच दिवशी मी अक्कलकुवा गाठलं.

आबा लेकीच्या घरापुढं चपला शिवत बसला होता. उजव्या तळव्यावर जुना व्रण होता. मी समोर बसलो आणि पहिल्यांदा 'आबा' म्हणालो. मग सांगितलं की पाणी मी टाकलं होतं.

"माले तव्हयच मालूम व्हतं," तो म्हणाला. "तुन्हा धोतरले वास येत व्हता."

"मंग इचारं कसाले?" मी म्हणालो.

"माले समजाकरता नही इचारं. तुले सांगता येवो म्हनीसन इचारं."

मला रडू आलं. मी त्याच्या पायाला हात लावायला गेलो, तर त्यानं पाय आखडून घेतले. त्याला माझ्या रडण्याचाही राग आला होता. म्हणाला, "मन्हाकडे माफी कसानी मांगस? मन्हं नाव गावमा गयं. गावमा जाईसन सांग."

मी सांगतो म्हणून कबूल केलं. तो म्हणाला, सांगितलंस की मला येऊन सांग. लेक, आरी हातात घेऊन, दारात उभी राहून ऐकत होती.

घरी आलो आणि कापसाच्या वेचणीत अडकलो. मग आई आजारी पडली. मग म्हटलं, आई आजारी असताना कसं सांगायचं. आई बरी झाली, तर म्हटलं, आता बरी झाली आहे, पुन्हा कशाला त्रास. मी माझ्यावर इतका चिडतो याचं कारण हे आहे. घागरी ओतल्या तेव्हा मी घाबरलो होतो, नदीत खोटं बोललो तेव्हाही घाबरलो होतो. पण या सहा महिन्यांत मला कुणाचीच भीती नव्हती. नुसता टाळत होतो.

शेवटी आखाजीच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. घागरी, गोमूत्र, नदी, राख, सगळं. दादा मान खाली घालून बसला होता. आईचं नाव मी घेतलं. सांगून झाल्यावर मला वाटलं होतं की कुणी तरी ओरडेल, शिव्या देईल, निदान दादाला चार शब्द सुनावेल. तसं काही झालं नाही. दोन वर्षांत गावातल्या मोठ्या विहिरींवर तेलाची इंजिनं बसली होती. तो बडा शेतकरी तंबाखू मळत म्हणाला, "आते मोट कोन हाकस, भाऊ? इंजिन उनं ना." आणि सगळे सालदार गड्यांच्या कामाची बोली करायला लागले.

तरी मी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी अक्कलकुव्याला गेलो. घरापुढं आबाच्या जागी लेक बसून चपलेचा अंगठा शिवत होती. मला बघून ती उठली नाही.

"बा व्हळीना आठ दिन पहिले गया," ती म्हणाली. "दर बजारले इचारे, गावथून कोनी उनं का."

 तिनंच पुढं विचारलं, "सांगं का?"

"सांगं."

"कव्हय?"

"आखाजीले."

तिनं मान खाली घातली आणि आरी पुन्हा चामड्यात घातली. दोन टाके घातले, तिसऱ्याला दोरा ओढून घेतला. मी उभाच होतो. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "आखो काही काम व्हतं का?"

मला दुसरं काही काम नव्हतं.